वाचकांचे प्रश्न : गुडघ्याखालचे हाड कापून पाय सरळ करणे

प्रश्न : माझे वय 46, शेती दारव्हा तालुक्यात. टाचा जुळवून उभा राहिलो तरी दोन्ही गुडघ्यांमध्ये चार बोटे जागा राहते आणि कापूस वेचताना उजव्या गुडघ्याची आतली बाजू ठणकते. डॉक्टर सांधा न बदलता हाड कापून पाय सरळ करू म्हणतात. पाय अधू तर होणार नाही?

उत्तर : आपली भीती स्वाभाविक आहे, कारण ‘हाड कापणे’ हा शब्दच अंगावर काटा आणतो. खुब्यापासून घोट्यापर्यंत जाणारी वजनाची रेषा सरळ पायात गुडघ्याच्या साधारण मधून जाते. आपल्यासारख्या बाहेर वाकलेल्या पायात ती आत सरकते आणि सगळा भार तिथल्या कूर्चेवर, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, पडून ती झिजते. शस्त्रक्रियेत नडगीचे हाड गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूने कापतात, पण आरपार नव्हे; बाहेरच्या काठाची हाडाची पट्टी बिजागरीसारखी शिल्लक ठेवून फट मोजून उघडतात आणि प्लेट व स्क्रूने पक्की करतात. भार मग बाहेरच्या, चांगल्या कूर्चेकडे वळतो. झीज फक्त आतल्याच बाजूला असेल, तर आपल्या वयात मला हाच मार्ग बरा वाटतो. मात्र उभे राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

धोके आहेतच : जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, हाड उशिरा जुळणे. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून वेचणीचा हंगाम आटोपल्यावरची तारीख घ्यावी. खर्रा खात असाल, तर तो शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सोडावा. तंबाखूने हाड जुळणे लांबते.