टर्बोला हात लावायच्या आधी

अरे, ‘टर्बो गेला’, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा बिघडला, असं म्हणाला कुणी की लगेच खिसा मोकळा करू नकोस. मलाही साताऱ्यात एकाने तेच सांगितलं होतं, निघाला चिरलेला पाईप!

तुझी गाडी पेट्रोल ना? उभी असताना थरथरते आणि यवतेश्वरचा घाट चढताना अडखळते, तर आधी स्कॅनर लाव, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र. कोड पी०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाहीय. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर त्याची कॉइल (ठिणगीला वीज देणारा भाग) तिसऱ्याच्या कॉइलशी अदलाबदल कर. पुन्हा चालवून कोड पी०३०३ झाला, तर कॉइलच गेलीय. नाही हलला तर प्लग काढून बघ. बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा, दाब वाढला की झिजलेल्या प्लगची ठिणगी आधी दगा देते.

कोडच नसेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाईपांचे क्लॅम्प, म्हणजे आवळपट्ट्या, चाचप. बाहेरून तेलकट, धूळ चिकटलेला काळा पट्टा दिसला की तिथूनच हवा सुटत असणार.