वाचकांचे प्रश्न : एका देशातला अपघात दुसऱ्या देशाला काय शिकवतो?

वाहतुकीचे धोरण, संशोधन आणि सुरक्षितता या बाबतींत देशादेशांमध्ये सहकार्य कसे चालते आणि त्याचा प्रवाशाला प्रत्यक्ष काय उपयोग होतो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : रस्ते, रेल्वे, बंदरे हे सारे ज्या त्या देशाच्या सरकारने बांधायचे आणि सांभाळायचे असते. मग त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था आणि करारमदार कशाला हवेत? परिषदा भरतात, ठराव होतात आणि ते कागदावर राहतात, असेच मला वाटत आले आहे.

उत्तर : पुष्कळसे ठराव कागदावरच राहतात, हे आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र त्यावरून सहकार्याची गरजच नाही असा निष्कर्ष काढता येणार नाही. मालगाडीचा डबा सरहद्द ओलांडतो तेव्हा तो दुसऱ्या देशाच्या रुळांवर, दुसऱ्या देशाच्या सिग्नलवर आणि दुसऱ्या देशाच्या कर्मचाऱ्यांच्या भरवशावर धावू लागतो. म्हणूनच १८८६ मध्ये युरोपातल्या काही देशांनी बर्न येथे एकत्र बसून रुळांमधले अंतर आणि डब्यांची बांधणी यांविषयी समान मापे ठरवली.

समुद्राच्या बाबतीत मात्र हे शहाणपण यायला मोठी किंमत मोजावी लागली. १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावर २,२०० हून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक नौकांमध्ये जागा होती १,१७८ जणांना. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, या बाबतीत नियमाचा भंग झालेलाच नव्हता. त्या काळचा ब्रिटिश नियम जहाजाच्या आकारमानावरून नौकांची संख्या ठरवत असे, दहा हजार टनांपुढच्या जहाजांचा त्यात वेगळा विचार नव्हता, आणि नियमाप्रमाणे १६ नौका पुरेशा असताना टायटॅनिकवर २० होत्या. जवळपास असलेल्या एका जहाजाचा बिनतारी यंत्रचालक त्या रात्री काम संपवून झोपला होता, कारण रात्रभर ऐकत राहण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. १९१४ मध्ये लंडनला झालेल्या ‘सोलास’ (समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेच्या) करारात या उणिवांवर एकेक उपाय आला : जहाजावरील प्रत्येक माणसाला नौकेत जागा, बिनतारी यंत्रावर अखंड पहारा, आणि उत्तर अटलांटिकमधल्या हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त, जिचा खर्च संबंधित देशांनी वाटून घ्यायचा. महायुद्धामुळे तो करार ठरल्याप्रमाणे अमलात येऊ शकला नाही. पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ मध्ये तो नव्याने लिहिला गेला, आणि १९७४ चा मसुदा वेळोवेळी सुधारून आजही लागू आहे.

याहून साधे उदाहरण हवे असेल, तर युरोपात धावणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवरील नारिंगी पाटी पाहावी. तिच्यावर वर ३३ आणि खाली १२०३ एवढेच आकडे असतात. वरचा आकडा धोका कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतो, खालचा पदार्थ कोणता ते सांगतो, आणि १२०३ म्हणजे पेट्रोल हे संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ठरलेले आहे. टँकर उलटला, चालक बेशुद्ध पडला आणि त्याच्याजवळची कागदपत्रे परक्या भाषेत असली, तरी अग्निशामक दलाचा जवान दुरून तो आकडा वाचून पाणी मारायचे की फेस, हे ठरवू शकतो. कागदावरचा ठराव कागदाबाहेर येतो तो असा.

प्रश्न : विमान अपघात झाला की चार-पाच देशांचे तपास अधिकारी तिथे पोहोचतात, आणि शेवटी अहवालात मात्र ‘कोणावरही दोष ठेवण्याचा हेतू नाही’ असे लिहिलेले असते. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दृष्टीने हे अन्यायाचे नाही का?

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातून आयसीएओ ही संघटना उभी राहिली. तिचे मुख्यालय मॉन्ट्रियलला असून आज १९३ देश तिचे सदस्य आहेत. या कराराच्या १३ व्या परिशिष्टात अपघाताच्या चौकशीचे नियम आहेत. अपघात ज्या देशात घडला त्याने चौकशी करायची. विमानाची नोंदणी जिथे आहे, ते चालवणारी कंपनी जिथली आहे, आणि त्याचा आराखडा व बांधणी जिथे झाली, त्या देशांना आपले प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क असतो. चौकशीचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणे हा असतो. न्यायालयाचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, तो स्वतंत्रपणे चालू राहतो. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवण्याचे कारण सरळ आहे. आपण बोललेले आपल्याच विरुद्ध वापरले जाईल या भीतीने वैमानिक, नियंत्रक आणि अभियंते गप्प बसले, तर शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

हे का महत्त्वाचे आहे, ते एका रात्रीच्या हकिकतीवरून कळेल. १ जुलै २००२ रोजी दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेनजवळ, ३६,००० फुटांवर, दोन विमाने एकमेकांच्या वाटेत येत होती. एक रशियन प्रवासी विमान होते, त्यात बहुसंख्य शाळकरी मुले होती. दुसरे बहारीनमध्ये नोंदलेले मालवाहू विमान होते. जर्मनीच्या त्या हवाई हद्दीचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधून, झुरिकहून होत होते. तिथे त्या वेळी एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, देखभालीसाठी मुख्य टेलिफोन बंद होता, आणि शेजारच्या जर्मन केंद्रातील नियंत्रकाला धोका दिसूनही झुरिकला फोन लागत नव्हता. टक्कर टाळण्यासाठी विमानात बसवलेल्या टीकॅस या यंत्रणेने रशियन वैमानिकांना ‘वर चढा’ असे सांगितले आणि नियंत्रकाने ‘खाली उतरा’ असे. त्यांनी नियंत्रकाचे ऐकले. मालवाहू विमानाने आपल्या यंत्राचे ऐकले आणि तेही खाली उतरले. ७१ जण मृत्युमुखी पडले.

यंत्र आणि नियंत्रक परस्परविरुद्ध सांगू लागले तर कोणाचे ऐकायचे? जर्मन तपास संस्थेच्या अहवालाने या प्रश्नाचा मागोवा घेताना खुद्द आयसीएओच्या नियमांवर बोट ठेवले : टीकॅसविषयीचे नियम अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होते. ते नियम पुढे बदलले. यंत्र जो इशारा देईल तोच पाळायचा, नियंत्रकाची सूचना त्याच्या उलट असली तरी, हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले.

या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट याच्या आधीची आहे. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात दोन प्रवासी विमाने अशाच पेचात सापडली होती. दोन्ही मिळून ६७७ जण होते, एका वैमानिकाने यंत्राऐवजी नियंत्रकाचे ऐकले होते, आणि शेवटच्या क्षणी विमान झुकवल्यामुळे टक्कर थोडक्यात टळली. त्या घटनेचा जपानी अहवाल जुलै २००२ मध्ये, म्हणजे युबरलिंगेननंतर काही दिवसांनी, प्रसिद्ध झाला. एका देशाला कळलेली गोष्ट सगळ्या जगाच्या नियमात उतरायला जो वेळ लागतो, त्याच्या पोटात माणसे मरतात. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे खरे काम मला विचाराल तर हेच आहे, तो वेळ कमी करणे. दोष कोणाचा हे न्यायालयाने जरूर ठरवावे, पण त्या निकालाची वाट पाहत नियमाची दुरुस्ती थांबता कामा नये.

प्रश्न : आकाशात जे साधले ते रस्त्यावर का साधत नाही?

उत्तर : विमान पडले की सारे जग पाहते, पण रस्त्यावरचे मरण एकेकटे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मरण पावली, त्यांतली दहापैकी नऊ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे पहिले कारण हेच आहे. तरीही यांतल्या फारच थोड्या अपघातांची चौकशी कारणे शोधण्याच्या हेतूने होते. पोलीस पंचनामा करतात, चूक कोणाची ते ठरवतात आणि कागद बंद होतो. वळणाचा उतार चुकला होता का, दिवे होते का, वाहनाचा पुढचा भाग पादचाऱ्याला झेलण्यासारखा होता का, हे विचारलेच जात नाही.

त्याआधी मोजणीचा प्रश्न येतो, आणि तो रुक्ष वाटला तरी माझ्या मते पाया तोच आहे. अपघातानंतर किती दिवसांत मृत्यू झाला तर तो रस्त्यावरचा मृत्यू धरायचा? आंतरराष्ट्रीय व्याख्या ३० दिवसांची आहे. पण फ्रान्ससारखा देशसुद्धा २००४ पर्यंत सहाच दिवस मोजत असे. सातव्या दिवशी रुग्णालयात गेलेला माणूस तिथल्या आकडेवारीत रस्त्याचा बळी ठरत नव्हता. एक देश सहा दिवस मोजतो आणि दुसरा तीस, तर कोणाचा उपाय लागू पडला हे ताडून पाहणार कसे? या कामासाठी १९८८ मध्ये आयआरटीएडी हा सामाईक माहितीसाठा सुरू झाला आणि आता तो पॅरिसस्थित आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाकडे आहे. १९५३ मध्ये युरोपीय वाहतूक मंत्र्यांची परिषद स्थापन झाली होती, तिचेच २००६ मध्ये या मंचात रूपांतर झाले. मंत्र्यांची वार्षिक परिषद लाइपझिगला भरते आणि छायाचित्रे तिथलीच छापून येतात. पण पोलिसांच्या नोंदी आणि रुग्णालयाच्या नोंदी जुळवून पाहणारे तज्ज्ञ जे काम वर्षभर करत असतात, ते मला अधिक मोलाचे वाटते. मृत्यूंबरोबर गंभीर जखमींचीही सारखी व्याख्या व्हावी, हा त्यांचा आग्रह योग्य आहे, कारण अपघातातून वाचून जन्मभर अंथरुणाला खिळलेला माणूस मृतांच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

प्रश्न : हे संशोधन बहुतेक श्रीमंत देशांत होते. तिथले निष्कर्ष गरीब देशांच्या रस्त्यांना कसे लागू पडणार?

उत्तर : काही जसेच्या तसे पडतात, काही मुळीच पडत नाहीत, आणि हा फरक न ओळखता आराखडे उचलण्याची चूक वारंवार होते. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाच्या अंगी ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि बरगड्यांना त्यात देशपरत्वे सूट मिळत नाही. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने पायी चालणारे आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा सुचवली, ती कोठेही तितकीच खरी आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेली भूमिकाही अशीच आहे : माणूस चुकणारच, म्हणून त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये अशा रीतीने रस्ता आणि वाहन घडवले पाहिजे.

मात्र मोटारीत बसलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला उपाय, जिथे बहुसंख्य लोक पायी किंवा दुचाकीवर असतात तिथे अपुरा पडतो. जगातल्या रस्त्यांवरील निम्म्याहून अधिक मृत्यू पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकी-तिचाकीवरच्या लोकांचे आहेत; त्यांच्याविषयीचे संशोधन त्यांच्याच रस्त्यांवर, तिथल्याच संशोधकांनी केले पाहिजे आणि त्यासाठी पैसा बाहेरून आला तरी प्रश्न तिथले असले पाहिजेत. दुसरी बाजू वापरलेल्या मोटारींची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये दाखवून दिले की, २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या मोटारी निर्यात झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे गेल्या, आणि पाहणी केलेल्या १४६ देशांपैकी सुमारे दोन तृतीयांश देशांची याबाबतची धोरणे कमकुवत होती. आपल्या रस्त्यावर चालू न देण्याजोगी मोटार दुसऱ्याला विकणे हे सहकार्य नव्हे. त्याची जबाबदारी घेणाऱ्याइतकीच पाठवणाऱ्यावरही आहे.

प्रश्न : करारावर सही करून एखादा देश तो पाळत नसेल, तर त्याला विचारणार कोण?

उत्तर : आंतरराष्ट्रीय संघटनेकडे पोलीस नसतात. विमान वाहतुकीत आयसीएओचे तपासणी पथक देशाच्या सुरक्षा व्यवस्थेची पाहणी करते, आणि ठरलेल्या मानकापेक्षा आपला नियम वेगळा असेल तर देशाने तसे कळवण्याचे बंधन आहे. जागे ठेवण्यासाठी हे पुष्कळ असले, तरी सक्ती म्हणता येणार नाही.

समुद्रावर यापेक्षा चांगली युक्ती सापडली आहे. जहाजावर ज्या देशाचा ध्वज, त्या देशाने त्याची तपासणी करायची, हा जुना नियम. पण काही देश ध्वज देतात आणि पुढे फारसे विचारत नाहीत. मार्च १९७८ मध्ये लायबेरियाचा ध्वज लावलेले अमोको कॅडिझ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटले आणि दोन लाख टनांहून अधिक तेल समुद्रात गेले. त्यानंतर १९८२ मध्ये युरोपातील १४ देशांच्या सागरी प्रशासनांनी पॅरिस येथे समझोता केला की, आपल्या बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांची तपासणी आपण करायची आणि तिचे निष्कर्ष एकमेकांना कळवायचे. निरीक्षक जहाजावर चढतो, प्रमाणपत्रे पाहतो, आगीचा पंप सुरू करायला लावतो, संशय आल्यास जीवरक्षक नौका पाण्यात उतरवून दाखवायला सांगतो. गंभीर दोष आढळला तर तो दुरुस्त होईपर्यंत जहाज बंदरातून हलू शकत नाही. दर दिवसाचा तोटा मालकाच्या खिशातून जातो. वारंवार अडकलेल्या जहाजाला त्या साऱ्या देशांची बंदरे बंद होऊ शकतात. एका बंदरातून सुटून शेजारच्या बंदरात आसरा घ्यावा, तर त्याची नोंद तिथे आधीच पोहोचलेली असते.