वाचकांचे प्रश्न : आयफेलचे चार पाय जुळले कसे?

प्रश्न : आयफेल टॉवरचे चारही पाय जमिनीतून तिरपे निघतात आणि वर एकमेकांना जोडले जातात. उभारताना एखादा पाय थोडा जरी हलला असता, तर जोडणी कशी झाली असती? आणि हा मनोरा पोलादाचाच ना?
– स्थापत्य पदविकेची एक विद्यार्थिनी

उत्तर : त्या कामातल्या सगळ्यात अवघड जागेवरच तू बोट ठेवलंस. मी 31 वर्षं लोखंडी सांगाड्यांच्या उभारणीत काढली. गर्डर वर चढवल्यावर भोकं जुळली नाहीत की काय होतं, ते मी पाहिलं आहे. एका कामावर 4 मिलिमीटरचा फरक निघाला. गर्डर क्रेनला लटकलेला, खाली सगळे माना वर करून उभे. शेवटी आम्ही जागेवरच भोक मोठं करून बोल्ट बसवला. काम पुढे गेलं, पण ते भोक मला अजून सलतं.

पॅरिसच्या त्या कामावर ही सवलत नव्हती. मनोऱ्याचे 18,038 सुटे भाग शहरालगतच्या लव्हाल्वा-पेरेच्या कारखान्यात तयार झाले. भोकांच्या जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजून आखलेल्या. एखादा भाग बसला नाही, तर तो दुरुस्तीला परत कारखान्यात जाई. मला विचारशील तर मनोरा आधी कागदावर उभा राहिला, लोखंडाचा नंतर.

पण भाग कितीही अचूक असले, तरी तिरपा पाय जसजसा वाढतो तसतसा तो आत कलंडू पाहतो. म्हणून पायांना टेकू द्यायला 30 मीटर उंचीच्या लाकडी परांच्या उभ्या केल्या. आता खरी गंमत. पाय थेट लाकडावर टेकवले नाहीत, मध्ये वाळूचे डबे ठेवले. लोखंडी नळकांडं, त्यात कोरडी बारीक वाळू, वर दट्ट्या आणि दट्ट्यावर पायाचा भार. खालची खुंटी काढली की वाळू बारीक धारेनं बाहेर पडते आणि दट्ट्या धक्का न बसता सावकाश खाली येतो. खुंटी लावली की जागच्या जागी थांबतो. एवढं प्रचंड वजन मूठ-मूठ वाळू सोडून उतरवायचं, या कल्पनेला मी मनापासून हात जोडतो.

वाळूनं खाली आणता येतं, वर नेता येत नाही. त्यासाठी पायांच्या बुडाशी पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक होते. पाय हवा तेवढा उचलायचा आणि माप जुळलं की पक्क्या पाचरी ठोकून जॅक काढून घ्यायचा. वरून वाळू, खालून जॅक, अशा दोन्ही बाजूंनी गर्डर मिलिमीटरच्या हिशेबात जागेवर आणले. लोखंडाची उभारणी 1 जुलै 1887ला सुरू झाली होती आणि 7 डिसेंबरला पहिल्या मजल्याच्या पातळीवर चारही पाय मुख्य गर्डरांनी जोडले गेले. तिथून पुढे पाय एकमेकांच्या आधारानं उभे होते. मग वेग आला आणि 31 मार्च 1889ला काम पूर्ण झालं.

भाग आधी तात्पुरत्या बोल्टांनी धरत आणि मग बोल्ट काढून रिवेट मारत. एका टोळीत चौघं असत : एक भट्टीत रिवेट लालभडक तापवणार, दुसरा ते भोकात घालून धरणार, तिसरा पलीकडच्या टोकाला आकार देणार, चौथा घण घालणार. रिवेट थंड होताना आखडतं आणि दोन्ही पत्रे करकचून आवळतं. एकूण 25 लाख रिवेट, त्यातली साधारण एक तृतीयांश जागेवर मारलेली.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, मनोरा पोलादाचा नाही. तो भट्टीत ढवळून कार्बन काढलेल्या घडीव लोखंडाचा आहे, सुमारे 7,300 टन. पूर्व फ्रान्समधल्या पोंपे इथल्या कारखान्यातून ते आलं. लोखंड गंजतं, त्यामुळे साधारण दर सात वर्षांनी सगळा मनोरा रंगवावा लागतो. दोर बांधलेले रंगारी आजही ते काम हातात ब्रश धरूनच करतात.