गढूळ पाण्यात दिशा कशी सापडते?

तारकर्लीला डाइव्ह करताना पाणी अचानक गढूळ झालं. इन्स्ट्रक्टर हाताशी होते म्हणून निभावलं. नसते, तर किनारा कुठे हे मला कसं कळलं असतं? (एक वाचक, पुणे)

वाळू चाचपून. तळावर लाटांमुळे ज्या वळ्या उठतात, त्या बहुधा किनाऱ्याला समांतर असतात. त्यांना काटकोनात सरकायचं आणि खोलीचं मीटर मास्कला टेकवून बघत राहायचं. खोली कमी होत गेली, तर किनारा समोर आहे. देवबागच्या संगमाजवळ मात्र या खुणेवर विसंबू नका, नदी आणि भरती-ओहोटी मिळून तिथली वाळू हवी तशी फिरवतात.

पण सोबतच्या जोडीदाराशी चुकामूक झाली, तर तळावर किनारा शोधत बसूच नका. मिनिटभर बघा, नाही दिसला तर सावकाश वर या. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, एक हात डोक्यावर आणि कान बोटीच्या इंजिनाकडे.

आणि पुढच्या वेळी तारीख ठरवताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गाळ उसळतो. अष्टमीच्या पुढेमागे, भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंद असतो आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. मालवणचा कुठलाही मच्छीमार हे फुकट सांगेल.

कंपास असूनही मी दुसरीकडेच निघालो. बिघडला असेल का? (ठाणे)

बिघाडाची शक्यता कमी. कंपास तोंड कुठे आहे ते सांगतो, तुम्ही कुठे आहात ते नाही. आडवा प्रवाह असेल, तर काटा जागचा हलत नाही, तुम्ही मात्र वाहत जाता. शिवाय कंपास तिरका धरला की काटा अडकतो आणि लोखंडी वस्तू जवळ आली की ढळतो. एक जुनी युक्ती सांगतो : पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत स्वच्छ पाणी भरून ती मास्क आणि मीटर यांच्यामध्ये दाबून धरायची. गढूळ पाणी बाजूला सरतं आणि आकडे दिसतात.

आम्ही तालुक्याच्या बचाव पथकात आहोत. धरणात बुडालेल्यांचा शोध घेताना स्वतःचा हातही दिसत नाही. कसं शोधावं?

पोहून नाही, दोराला बांधून. काठावरचा माणूस दोर ताणून धरतो आणि डायव्हर त्या दोराच्या टोकाला राहून अर्धवर्तुळात तळ चाचपत जातो. एक फेरी झाली की काठावरून दोर थोडा सोडायचा. थोडा म्हणजे हाताच्या कवेपेक्षा कमी, नाहीतर दोन फेऱ्यांच्या मध्ये पट्टा सुटतो आणि नेमकं त्यातच काही राहून जातं. काठावर कागदावर नकाशा काढून झालेला भाग भरत जा. डायव्हरला आपण कुठे आहोत हे माहीत नसलं तरी चालतं, काठावरच्याला माहीत हवं.

दोराच्या खुणा पाण्यात उतरण्याआधी ठरवा आणि जमिनीवर डोळे बांधून घोटून घ्या. बऱ्याच ठिकाणी डायव्हरकडून एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोडा, तीन म्हणजे ढील आवरा, चार म्हणजे वर ओढा. तुमच्या खुणा वेगळ्या असल्या तरी हरकत नाही, पथकात सगळ्यांच्या एकच हव्यात.

दोर जॅकेटला नको, आतल्या वेगळ्या पट्ट्याला बांधा. बुडालेली झाडं, काटेरी तार, जाळी यांत जॅकेट अडकून काढावं लागलं, तरी दोर अंगावर राहतो. कापायची हत्यारं दोन, दोन्ही हातांना पोचतील अशी. काठावर दुसरा डायव्हर डायव्हिंगचा पोशाख चढवून तयार. आणि दरवाजे, विमोचक (धरणातून पाणी सोडायची भोकं) बंद असल्याचं धरणाच्या अभियंत्याकडून लेखी घेतल्याशिवाय कुणीही उतरू नका. तिथलं पाणी माणसाला भोकाशी ओढून चिकटवतं. मग वरून कितीही ओढलं तरी माणूस सुटत नाही.

अंधारात मला वर-खाली कळेनासं होतं, गरगरतं. (नाशिक)

डोळ्यांचा आधार गेला की कानातलं संतुलन फसतं. आधी दोर किंवा तळ घट्ट धरा आणि श्वास लांबवा. मग मास्कमध्ये घोटभर पाणी येऊ द्या, ते ज्या बाजूला साचेल ती खालची. बुडबुडे गालावरून कानाकडे जातात की कपाळाकडे, तेही जाणवतं. घाईने वर सुटू नका, अशा वेळी 'वर' वाटणारी दिशा खोटी असू शकते.

जास्त प्रखर टॉर्च घेतला तर? (सांगली)

धुक्यात घाट उतरताना हेडलाइट अपर केल्यावर काय होतं? तेच.