शिक्षणाधिकारी मतपेटीतून निवडावा का?

प्रश्न : कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाचीने तिच्या घरी टपालाने आलेली मतपत्रिका मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तीत गव्हर्नरपदाच्या उमेदवारांबरोबर राज्याच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखपदासाठीही नावे होती, पण त्या नावांपुढे कोणताच पक्ष छापलेला नव्हता. मी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. आमचे शिक्षणाधिकारी बदलीचा आदेश घेऊन येत आणि तसाच आदेश घेऊन जात. ते निवडून आले असते, तर शाळांचे भले झाले असते का?
— एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या भाचीने पाहिलेले पद ‘सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील सुमारे बारा राज्यांत ते लोकांच्या मतांनी भरले जाते. इतर राज्यांत त्यावर नेमणूक होते. ही प्रथा जुनी आहे. १८९२ साली नॉर्थ डकोटात लॉरा आयझेनह्यूथ याच पदावर निवडून आल्या आणि राज्यव्यापी पदावर निवडून आलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या महिला ठरल्या. कॅलिफोर्नियात ही निवडणूक पक्षचिन्हांविना होते, मुदत चार वर्षांची असते आणि आता एका व्यक्तीला दोनच मुदती मिळतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर नियमांपेक्षा विल्सन राइल्स यांच्या कारकिर्दीत अधिक नीट सापडते. १९१७ साली लुइझियानात जन्मलेले हे कृष्णवर्णीय गृहस्थ लहानपणीच पोरके झाले. ॲरिझोनात शिक्षण पूर्ण करून त्यांनी अपाचे आदिवासींच्या वस्तीजवळच्या छोट्या शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि पुढे १९५८ साली ते कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्यात रुजू झाले. गरीब वस्त्यांतील मुलांसाठीच्या पूरक शिक्षणाचे काम त्यांच्याकडे होते. १९७० साली त्यांनी खात्याचे प्रमुख मॅक्स रॅफर्टी यांच्याविरुद्ध, म्हणजे आपल्याच साहेबांविरुद्ध, निवडणूक लढवली आणि जिंकली. त्याच दिवशी त्याच मतदारांनी रिपब्लिकन पक्षाच्या रोनाल्ड रेगन यांना पुन्हा गव्हर्नर केले होते, तर राइल्स डेमोक्रॅट होते. मतपत्रिकेवर पक्ष नसल्याचा लाभ तो हाच. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांकडे विशेष लक्ष देणारी आणि त्यात पालकांना सामील करून घेणारी योजना ही त्यांची मोठी कामगिरी. १९७२ साली तिला रेगन यांचीही मंजुरी मिळाली. मात्र निवडून आलेल्या माणसाच्या हातात नेमके किती असते, हेही याच कारकिर्दीत दिसते. धोरण ठरवणारे राज्य शिक्षण मंडळ गव्हर्नरांनी नेमलेले असते आणि पैसा विधिमंडळ देते. १९७८ साली मतदारांनीच कौल देऊन मालमत्ता कर एकदम खाली आणला, तेव्हा शाळांच्या स्थानिक उत्पन्नाचा आधारच खचला. राइल्स यांना त्यावर नकाराधिकार नव्हता.

मला त्याहून बोचते ती एक न्यायालयीन फाईल. बुद्ध्यांक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना ‘मंदबुद्धी’ वर्गांत बसवले जाते, अशी दाद काही मुलांच्या पालकांनी १९७१ साली मागितली आणि १९७९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो खटला ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावानेच ओळखला जातो. ज्याने आयुष्यभर अशाच मुलांसाठी काम केले, त्याचेच नाव केवळ खुर्चीमुळे प्रतिवादी म्हणून लागले. त्यांनी तीन मुदती पुऱ्या केल्या. १९८२ साली बिल होनिग यांनी त्यांचा पराभव केला.

तेव्हा माझे मत असे, की निवडणुकीमुळे राइल्स यांच्यासारख्या माणसाला वाट मिळाली, पण त्यांचे काम उभे राहिले ते आधीच्या बारा वर्षांत खाते आतून पाहिल्यामुळे. केवळ मते मिळवण्याचे कसब असलेला माणूस त्या खुर्चीत बसला, तर बदलीवर येणारे साहेब परवडले, असे आपणच म्हणाल.

आपल्याकडे मतपेटी अगदीच दूर नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचे सभापती निवडून आलेले सदस्य असतात. विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत, त्यांतील एक नाशिक विभागाची. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे. परंतु ते मत माध्यमिक व त्यावरील शिक्षकांनाच असते. म्हणजे आपण सिन्नरला सारी नोकरी प्राथमिक शाळेत केली असेल, तर ते पेन आपल्या हाती कधी आलेच नसेल, आणि पालकांना तर त्यात स्थानच नाही. पालकांसाठी कायद्याने ठेवलेली जागा शाळा व्यवस्थापन समितीत आहे : पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या जुन्या शाळेत ही समिती पालकसभा बोलावून निवडली जाते, की मुख्याध्यापकांच्या टेबलावर नावे लिहून सह्या घेतल्या जातात, याची एकदा जाऊन चौकशी करावी आणि आम्हांला अवश्य कळवावे.