धोक्याची यादी करताना फक्त उत्पन्न पाहून भागेल का?

तुमचा प्रश्न असा, की उष्णतेच्या लाटा आणि अचानक येणारे पूर यांचा धोका कोणाला जास्त, हे ठरवायला गरिबी हा एकच निकष पुरे नाही का? वय, लिंग, स्थलांतर त्यातच येतं की. मीही बरीच वर्षं असंच मानत होतो. शिकागोबद्दल वाचलं आणि मत बदललं.

तिथे जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत ७०० हून जास्त माणसं गेली. सगळा दोष गरिबीचा असता तर गरीब लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, वस्तीतही तेवढेच बळी गेले असते. तसं झालं नाही. तिथले रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी. म्हातारी माणसं बाहेर पडत, एकमेकांना दिसत. लागूनच असलेली कृष्णवर्णीय वस्ती मात्र वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने ओस पडली होती. एकटे वृद्ध चोरांच्या भीतीने दारं-खिडक्या लावून बसले. अशा कोंदट खोलीत पंखा गरम हवाच अंगावर फेकत राहतो. आणि ज्यांचे मृतदेह न्यायला कोणीच आलं नाही, त्यांत बहुतेक पुरुष होते. म्हातारपण, वंश, गरिबी आणि तुटलेली नाती, सगळं त्या एका खोलीत जमा झालं होतं.

लिंगाचा परिणामही सगळीकडे सारखा नसतो. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १,४०,००० बळी गेले, त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. कडेवर मूल, अंगाला गुंडाळलेली ओली साडी, पोहणं कधी शिकवलेलंच नाही. शिकागोत मात्र बेवारस राहिलेले बहुतेक पुरुष होते. म्हणून ‘बायका जास्त असुरक्षित’ असा सरसकट शिक्का मारू नका. कोणत्या संकटात, कोणाची, कोणती वाट बंद होते ते बघा.

तुमच्या यादीत सर्वांत आधी निसटतील ती कागदावर नसलेली माणसं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२१ च्या पावसात शहरात १३ जण दगावले, त्यांतले ११ तळघरातल्या घरांत. यातली बरीच घरं बेकायदा होती. स्थलांतरित माणूस परवडतं म्हणून तिथे राहतो आणि बेघर व्हायच्या धास्तीने तक्रार करत नाही. उत्पन्नाच्या रकान्यात तो सापडणार कसा?

मी तुमच्या जागी असतो तर दारोदार जाऊन तीन गोष्टी विचारल्या असत्या: दोन दिवस दिसला नाहीत तर चौकशीला कोण येईल? इशारा तुम्हाला कळेल अशा भाषेत येतो का? रात्री पाणी शिरलं तर बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का?