'गुन्हा होता' की 'गुन्हा मानला जाई'?

प्रश्न असा आला आहे. एका लेखात वाक्य होतं, 'इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता.' संपादनात त्याचं 'गुन्हा मानला जाई' झालं. कारण सांगितलं ते असं की, गुन्ह्याच्या कल्पना देशोदेशी वेगळ्या आणि काळाप्रमाणे बदलणाऱ्या. मग 'होता' असं ठोकून कसं द्यायचं? लेखकाला विचारायचं आहे की बरोबर कोणतं.

माझ्या मते मूळ वाक्य चोख होतं, दुरुस्तीनं ते बिघडलं. कल्पना बदलतात हे मान्य, पण 'होता' चालतं ते नेमकं त्यामुळेच. 'पृथ्वी सपाट मानली जाई' असं आपण म्हणतो, कारण ती सपाट कधीच नव्हती. लोकांचं मानणं एकीकडे, पृथ्वी दुसरीकडे. गुन्ह्याला अशी दुसरी बाजू नसते. कायद्यानं म्हटलं की गुन्हा, कायद्यानं सोडलं की सुटलं. १९६१पूर्वी त्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसावर तिथे खटला भरता येत असे, शिक्षाही होत असे. 'तुम्ही गुन्हेगार नाही हो, नुसते मानले जाता' हे ऐकून त्याला काय दिलासा मिळणार होता? आपल्याकडचंच घ्या. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८मध्ये रद्द केलं. 'तोवर व्यभिचार गुन्हा होता, आता नाही' या वाक्यात काहीही खटकत नाही. व्यभिचार वाईट की बरा, हा प्रश्न त्यानं सुटत नाही, आणि सोडवायचाही नाही. 'पाप', 'अनीती', 'निंद्य' या शब्दांपाशी मात्र 'मानणे' शोभतं.

घोटाळ्याचं मूळ शब्दाच्या जन्मात आहे. 'गुन्हा' आला फारसी 'गुनाह'वरून, आणि त्याचा अर्थ पाप. हिंदी-उर्दूत 'गुनाह'ला अजून तो वास आहे. मराठीनं वाटणी केली: देवाघरचा हिशेब 'पाप'कडे, कचेरीतला 'गुन्ह्या'कडे. (जाता जाता: फारसीत जुन्या 'वि'चा बऱ्याच ठिकाणी 'गु' झाला. प्राचीन इराणातल्या विश्तास्प राजाचा गुश्तास्प झाला तो तसाच. त्या न्यायानं 'गुनाह' हा आपल्या 'विनाशा'चा लांबचा भाऊ निघतो. मला ही व्युत्पत्ती फार आवडते.) 'अपराधा'ची गोष्ट वेगळी. अप अधिक राध्, म्हणजे नेम चुकणं. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' म्हटलं आहे. म्हणूनच 'माझा काय अपराध?' यात थोडी चूक, थोडा दोष, थोडं कारुण्य मावतं. 'माझा काय गुन्हा?' म्हटलं की लगेच समोर कुणीतरी न्यायाधीश बसतो.

कचेरीशी हा शब्द किती घट्ट बांधला गेला ते पाहायचं तर पेशवाईतले कागद बघावेत. वाद जिंकणाऱ्याकडून सरकार घेई ती 'हरकी', आणि हरणाऱ्याकडून घेई ती 'गुन्हेगारी'. म्हणजे गुन्हेगारी ही चक्क दंडाची रक्कम! आणि आजचं 'गुन्हा दाखल झाला' नीट ऐका. दाखल काय होतं? कृत्य तर कधीच घडून गेलेलं असतं. दाखल होते ती पोलिसांकडची नोंद, ती 'गु.र.नं.'वाली, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबरवाली. 'उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला' हेही तसंच, घडलेली मारामारी कोण रद्द करणार? इंग्रजी 'क्राइम' ज्यावरून आला त्या लॅटिन 'क्रिमेन'चा अर्थही आधी 'आरोप' असाच होता. कृत्य नंतर आलं.

आता अपवाद, आणि तो महत्त्वाचा. १८७१च्या कायद्यानं इथल्या अनेक जमाती 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाल्या. मूल जन्मलं की गुन्हेगार. १९५२मध्ये तो शिक्का निघाला, त्यावरूनच 'विमुक्त' हा शब्द रुळला. तेव्हा 'या जमाती गुन्हेगार होत्या' असं लिहिणं भाषेच्या दृष्टीनंही चूक आहे. गुन्हा हे कृत्याचं नाव, आणि इथे कृत्यच नव्हतं. 'गुन्हेगार ठरवल्या होत्या' असंच लिहावं. 'मानल्या जात' हेही मला सौम्य वाटतं. मानत कोण होतं ते त्यात लपून जातं.

दुसरी सावधगिरी परक्या समाजांबद्दल लिहिताना. जुन्या जर्मन टोळ्यांत खून झाला की मेलेल्याच्या घरच्यांना ठरलेली 'माणसाची किंमत' देऊन वैर मिटवता येई. रोमन कायद्यात चोराकडून मालाच्या दुप्पट, रंगेहाथ सापडला तर चौपट वसुली, आणि ती मुख्यतः ज्याची चोरी झाली त्यानंच दावा लावून करायची. आजच्या इराणमध्येही खुन्याला फाशी की माफी, यात मृताच्या वारसांचा शब्द चालतो. इथे सरसकट 'गुन्हा' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर सरकार विरुद्ध आरोपी असा आपला फौजदारी खटला उभा राहतो, आणि त्या मंडळींच्या लेखी तर तो बराचसा दोन घरांतला दिवाणी व्यवहार होता. तिथे 'आगळीक', 'नुकसान', 'वैर' यांतला जो बसेल तो वापरावा.

तुमच्या संपादकांना अजूनही 'मानला जाई'चा मोह सुटत नसेल तर त्यांना हे उदाहरण द्या. ब्रिटनमध्ये चेटूक करणाऱ्याला देहदंड होता. १७३५चा कायदा आला आणि सगळं उलटलं: चेटूक अस्तित्वातच नाही, म्हणून ते येत असल्याची बतावणी करणं हा गुन्हा झाला. वाक्य असं होईल: 'चेटूक खरं मानलं जाई, तोवर चेटूक करणं हा गुन्हा होता.' त्यांचं 'मानलं जाई'ही त्यात आलं, फक्त ते चेटकाला लागलं.